तेलाला वारा द्यायचा कुठे? पोर्श ९११ आणि ऑइल कूलरचा इतिहास

१/
१९७२ सालच्या पोर्श ९११ या स्पोर्ट्स कारच्या उजव्या दारामागे एक छोटे झाकण दिसते. पाहणाऱ्याला ते पेट्रोलचे वाटते. पेट्रोल पंपावरच्या कर्मचाऱ्यांनाही तसेच वाटे आणि ते त्यात पेट्रोल ओतत, असे पोर्शच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. झाकण होते इंजिन ऑइलचे. पुढच्याच वर्षी कंपनीने ते काढून टाकले. एखाद्या गाडीच्या तेलाला इतकी मोठी टाकी आणि तिला बाहेर उघडणारे स्वतंत्र दार का लागावे? त्याची ही कथा.

२/
इंजिनात तेल असते ते वंगणासाठी, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे दुसरे काम मात्र सहसा ध्यानात येत नाही: ते उष्णता वाहून नेते. घाटात बॉनेट उघडून उभी असलेली आणि रेडिएटरमधून वाफ सोडणारी गाडी सर्वांनी पाहिलेली असते. तिथे उष्णतेचा मुख्य वाहक पाणी असते. ज्या इंजिनात पाणीच नाही, तिथे हा भार हवा आणि तेल या दोघांवर पडतो. पोर्शची पहिली पन्नास वर्षे मुख्यत्वे अशाच इंजिनांची आहेत.

३/
तेलाला उष्णता हवीही असते आणि नकोही. साधारणपणे ८० ते ११० अंश सेल्सिअस ही त्याच्या सुखाची मर्यादा. त्याहून सतत थंड राहिले, तर ज्वलनातून आलेले पाणी आणि कच्चे पेट्रोल त्यातून उडून जात नाही. तेलाचा गाळ होतो. फार तापले, तर ते पातळ होते, बेअरिंगवरचा त्याचा थर विरळ होतो आणि तेल स्वतःच करपू लागते. ऑइल कूलर या दोन टोकांच्या मध्ये काम करतो. त्याची कल्पना साधी आहे: तेल पातळ नळ्यांतून फिरवायचे आणि त्या नळ्यांवर वारा घालायचा. वारा कुठला घालायचा, हा खरा प्रश्न.

४/
या प्रश्नाचे मूळ पोर्शच्या आधीच्या एका गाडीत आहे. जून १९३४ मध्ये जर्मनीच्या मोटार उद्योग संघाने फर्डिनांड पोर्श यांच्याशी ‘लोकांच्या मोटारी’साठी करार केला. नाझी राजवटीला स्वस्त, चार-पाच माणसे नेणारी आणि नव्या ऑटोबानवर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत राहणारी गाडी हवी होती. ज्यांच्यासाठी ती होती, त्यांच्यापाशी गॅरेज नव्हते. उघड्यावर उभ्या गाडीतले पाणी जर्मन हिवाळ्यात गोठते. म्हणून इंजिन हवेने थंड होणारे ठरले. हीच पुढची फोक्सवॅगन बीटल.

५/
बीटलच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असतात. वर पत्र्याचे घर, त्यात पंखा. पंख्याचा वारा दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर उतरतो. ऑटोबानवर तासन्‌तास पूर्ण वेगाने धावायचे, तर तेलही थंड करणे भाग होते. अभियंत्यांनी कूलर उभा करून त्याच पत्र्याच्या घरात, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या डोक्यावर बसवला. वेगळा पंखा नको, लांब नळ्या नकोत, खर्च नको. स्वस्त गाडीसाठी ही मांडणी मोठ्या हुशारीची होती.

६/
तिची किंमत मोजली तिसऱ्या सिलिंडरने. कूलर नेमका त्याच्या वर उभा होता. पंख्याचा ताजा वारा आधी गरम तेलावरून जाई आणि तापूनच त्या सिलिंडरपर्यंत पोहोचे. उरलेल्या तिघांपेक्षा तो अधिक तापू लागला. बीटल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींमध्ये तिसऱ्याची एक्झॉस्ट झडप आधी जळते, ही गोष्ट जगभर पाठ झाली. तेल वाचवणारी वस्तूच एका सिलिंडरचा वारा अडवत होती.

७/
कंपनीने प्रथम तडजोड केली: काही वर्षांच्या वितरकांत तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी इतरांहून काही अंश उशिरा पडेल, अशी रचना केली, जेणेकरून तो थोडा कमी तापावा. खरा उपाय १९७१ च्या मॉडेलमध्ये आला. कूलर मुख्य वाऱ्यातून बाहेर काढून पत्र्याच्या वेगळ्या खोक्यात बसवला गेला आणि त्याच्यावरून गेलेली गरम हवा सिलिंडरांवर न जाता बाहेर सोडली गेली. या खोक्याच्या आकारावरून इंग्रजीत त्याला ‘डॉगहाउस’, म्हणजे कुत्र्याचे घर, हे नाव पडले.

८/
या छोट्या दुरुस्तीत पुढच्या साऱ्या इतिहासाचे सूत्र आहे. कूलर उष्णता नाहीशी करत नाही. तिची जागा बदलतो. म्हणून कूलर बसवताना दोन गोष्टी विचाराव्या लागतात: त्याला मिळणारा वारा आधी कोणाचा होता, आणि तापलेला वारा नंतर कोणावर जाणार? बीटलमध्ये दुसरा प्रश्न सुटायला काही दशके लागली.

९/
दरम्यान युद्ध होऊन गेले. बीटलच्या कारखान्यात युद्धकाळात सक्तीच्या मजुरांकडून लष्करी गाड्या बनवून घेतल्या गेल्या, हे या वारशाचे काळे पान आहे. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी फर्डिनांड यांचे पुत्र फेरी पोर्श यांच्या देखरेखीखाली पहिली पोर्श ३५६ तयार झाली. इंजिन मुळात फोक्सवॅगनचेच, थोडे सुधारलेले. त्यामुळे पंख्याच्या घरातला उभा ऑइल कूलरही वारशाने आला. लोकांच्या मोटारीची काटकसर स्पोर्ट्स कारमध्ये शिरली.

१०/
३५६ ची शक्ती वाढत गेली, तशी या मांडणीची मर्यादा जवळ येत गेली. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिची वारसदार दिसली. नाव होते ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजोने हक्क सांगितल्यावर ते ९११ झाले. सहा सिलिंडर, १९९१ सीसी, १३० अश्वशक्ती. इंजिन अजूनही हवेनेच थंड होणारे आणि मागच्या चाकांच्याही मागे. बदलली होती ती तेलाची व्यवस्था.

११/
सामान्य इंजिनात तेल खालच्या परातीत साठते. ९११ मध्ये ‘ड्राय संप’ होता: खाली पडलेले तेल एक पंप लगेच उपसून वेगळ्या टाकीत पाठवतो आणि दुसरा पंप टाकीतून ते दाबाने इंजिनाला देतो. वळणावर तेल एका बाजूला सरकून पंप कोरडा पडत नाही, हा एक फायदा. दुसरा असा, की तेल भरपूर ठेवता येते. ९११ मध्ये ते सुमारे ९ लिटर होते. त्या काळच्या सामान्य मोटारीला ३ ते ४ लिटर पुरत. एक कूलर इंजिनाच्या उजव्या अंगाला, पंख्याच्या वाऱ्यात होताच.

१२/
१९६९ च्या मॉडेलमध्ये अधिक ताकदीच्या ९११ एस ला यांत्रिक फ्युएल इंजेक्शन मिळाले आणि शक्ती १७० अश्वशक्तीवर गेली. आता इंजिनावरचा एकटा कूलर पुरेना. अभियंत्यांनी दुसरा कूलर थेट गाडीच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत बसवला. इंजिन मागे, कूलर पुढे. तेल दाराखालून पुढे जाऊन पुन्हा मागे येऊ लागले. पंख्याच्या वाऱ्यात वाटा मागण्याऐवजी तेलाला रस्त्यावरचा वारा मिळाला.

१३/
हा कूलर उपसलेल्या तेलाच्या परतीच्या वाटेवर आहे. इंजिनातून निघालेले तेल आधी पुढे जाऊन थंड होते आणि मग टाकीत पडते. बेअरिंगांना दाबाने तेल देणारा मार्ग त्यामुळे लांबत नाही. वाटेत, उजव्या मागच्या चाकाजवळ, थर्मोस्टॅट असतो. तेल साधारण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापेतो तो पुढची वाट बंद ठेवतो आणि तेल सरळ टाकीकडे वळवतो. थंडीत सुरू केलेले इंजिन म्हणूनच लवकर गरम होऊ शकते.

१४/
थर्मोस्टॅटचे महत्त्व समजण्यासाठी त्याच काळातली ब्रिटिश एमजीबी पाहावी. ती पाण्याने थंड होणारी. १९६४ मध्ये पाच बेअरिंगांचे नवे इंजिन आल्यावर तिला ऑइल कूलर सरसकट मिळू लागला. पण कारखान्यातून येताना त्याच्या मार्गावर थर्मोस्टॅट नसे. इंग्लंडच्या हिवाळ्यात तेल तापतच नसे, म्हणून मालक कूलरवर पुठ्ठा किंवा झाकण लावत. शिवाय कूलर रेडिएटरच्या पुढे होता; तेलाने तापलेली हवा पाण्याच्या वाट्याला जाई. तिसऱ्या सिलिंडरची गोष्टच वेगळ्या वेषात.

१५/
आता ते १९७२ चे झाकण. ९११ चे जड इंजिन अगदी मागे असल्याने वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाई. वजन थोडे पुढे आणण्यासाठी तेलाची टाकी मागच्या चाकाच्या मागून काढून चाकाच्या पुढे बसवली. तेल भरायचे तोंड साहजिकच दारामागे बाहेर आले आणि पंपावरचा गोंधळ सुरू झाला. तेलात पेट्रोल मिसळले, की वंगण संपते. १९७३ च्या मॉडेलमध्ये टाकी पुन्हा जुन्या जागी गेली. कागदावरची उत्तम कल्पना पंपावरच्या माणसापाशी हरली.

१६/
१९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ने २१० अश्वशक्ती गाठली. तिलाही मडगार्डमधला कूलर होता. त्यानंतरच्या वर्षांत साध्या ९११ साठी एक स्वस्त पर्याय निघाला: मडगार्डच्या आत वळवून बसवलेली एक लांब नळी. दिसायला ट्रॉम्बोन या वाद्यासारखी, म्हणून मालकांमध्ये तिचे नाव ‘ट्रॉम्बोन कूलर’. तिला ना पंखा, ना दाट पापुद्रे. थंड हवेच्या देशात, मोकळ्या रस्त्यावर ती पुरे. मात्र नेमक्या याच काळात ९११ पूर्वीपेक्षा जास्त तापू लागणार होती.

१७/
अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुराचे नियम कडक झाले. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यात तिकडच्या २.७ लिटर गाड्यांना, आधी कॅलिफोर्नियात आणि मग इतरत्र, थर्मल रिॲक्टर बसवले. सिलिंडरांच्या अगदी खाली असलेल्या या लोखंडी कोठ्यांत धुरातले न जळलेले पेट्रोल जाळले जाई. शहराची हवा त्यामुळे सुधारली, पण एक भट्टी इंजिनाला चिकटून बसली. त्याच सुमारास अनेक गाड्यांत अकराऐवजी पाच पात्यांचा पंखा आला.

१८/
या उष्णतेला तोंड द्यायचे होते मॅग्नेशियमच्या क्रँककेसला. मूळ दोन लिटर इंजिनाच्या सिलिंडरांचा व्यास ८० मिलिमीटर, २.७ मध्ये तो ९० झाला. भोके मोठी झाली, त्यांच्यामधला धातू कमी झाला. सिलिंडर आणि हेड जखडून ठेवणारे २४ स्टड याच धातूत रुतलेले. इंजिन तापले, की सिलिंडर फुगतात आणि स्टड ताणले जातात; तापलेले मॅग्नेशियम मऊ पडते. स्टड आटे घेऊन उपसून येऊ लागले. कित्येक इंजिने पूर्ण उघडून, केसमध्ये पोलादी आटे बसवून पुन्हा बांधावी लागली.

१९/
या अपयशाचे खापर एका वस्तूवर फोडता येत नाही. कायदा हवेसाठी होता, मॅग्नेशियम वजन कमी करण्यासाठी, मोठे सिलिंडर ताकदीसाठी, साधा कूलर खर्चासाठी. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय होता. सगळ्यांची उष्णता मात्र एकाच ठिकाणी जमा झाली आणि ती बाहेर नेणारी वाट तेवढी रुंद झाली नव्हती. १९७८ च्या ९११ एससी मध्ये क्रँककेस ॲल्युमिनियमचा झाला.

२०/
पुढचा इतिहास कूलर वाढत जाण्याचा आहे. ट्रॉम्बोनच्या जागी एससी च्या काळात २८ पितळी नळ्यांचा कूलर आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅरेरा ३.२ ला दाट पापुद्र्यांचा, रेडिएटरसारखा कूलर आणि त्याच्यामागे विजेचा पंखा मिळाला. कारण उघड होते. रस्त्यावरचा वारा गाडी धावते तोवरच मिळतो. सिग्नलवर थांबलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये हवा स्तब्ध असते.

२१/
आज १९७० च्या दशकातली ९११ सांभाळणारा मालक हा सारा इतिहास उलट दिशेने वाचत असतो. गाडी तापते, म्हणून मोठा कूलर लावावा, हा पहिला विचार. जाणते मिस्त्री आधी इतर गोष्टी तपासतात: इग्निशनचे टायमिंग, पेट्रोल-हवेचे मिश्रण, पंख्याचा पट्टा, इंजिनाभोवतीचे पत्रे जागेवर आहेत का, इंजिनावरच्या कूलरच्या पापुद्र्यांत चिखल आणि तेलकट धूळ साचली आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का. दोष इथे असेल, तर नवा कूलर तो फक्त झाकतो.

२२/
हे सारे ठीक असूनही तेल तापत असेल, तर निवड सुरू होते. पितळी नळ्यांचा कूलर ट्रॉम्बोनच्याच जागी बसतो, त्या काळाला शोभतो आणि पत्रा कापावा लागत नाही. पापुद्र्यांचा कूलर कितीतरी अधिक उष्णता टाकतो. पण त्याला समोरून हवा आत यायला वाट हवी आणि मागून बाहेर पडायलाही. मडगार्ड ही बंद खोली आहे. बाहेर पडायची वाट नसेल, तर आत येणारी हवा तिथेच कोंडते आणि मोठा कूलर लहान कूलरइतकेच काम करतो. कोंडी फोडण्यासाठी काहीजण पुढच्या बंपरखालच्या पत्र्यात तोंड कापतात. मूळ पत्र्याला कात्री लावायची की नाही, हा इथला सर्वांत जड प्रश्न.

२३/
बसवण्याचे काम कष्टाचे. दाराखालून जाणाऱ्या धातूच्या नळ्यांचे मोठे नट चाळीस-पन्नास वर्षांच्या चिखलपाण्याने जागीच धरलेले असतात. एकाच पान्याने जोर लावला, तर नट फिरण्याऐवजी नळी पिळवटते किंवा थर्मोस्टॅटचे आटे निघतात. म्हणून दोन पाने घ्यायचे: एकाने जोड स्थिर धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. हट्टी नट कापून टाकणे परवडते; थर्मोस्टॅट गमावणे परवडत नाही. कूलर रबरावर बसवतात, कारण थेट पत्र्याला आवळलेला कूलर कंपनांनी तडकतो. रबरी नळ्या चाक वळताना घासणार नाहीत, हे चाक दोन्ही टोकांना वळवून पाहावे लागते.

२४/
सर्वांत महागडी चूक डोळ्यांना दिसत नाही. एखादे इंजिन आतून मोडले, की धातूचे बारीक कण तेलाबरोबर कूलरमध्ये जाऊन बसतात. इंजिन नवे बांधले जाते, कूलर मात्र जुनाच राहतो. थर्मोस्टॅट पहिल्यांदा उघडतो, तेव्हा ते कण नव्या बेअरिंगांकडे निघतात. म्हणून मोडलेल्या इंजिनाचा कूलर आणि त्याच्या नळ्या पूर्ण धुतात. दाट पापुद्र्यांचा असेल आणि स्वच्छतेची खात्री नसेल, तर तो टाकूनच देतात.

२५/
शेवटी तेल भरणे. नवा कूलर आणि नळ्या रिकाम्या असतात. थर्मोस्टॅट उघडला, की टाकीतले तेल तिकडे जाते आणि पातळी खाली येते. म्हणून ९११ चे तेल थंड गाडीत मोजत नाहीत. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण तापलेले आणि सुरू असताना मोजतात. थंड इंजिनात काडी पाहून तेल ओतणारे मालक टाकी जास्त भरतात आणि ते तेल श्वासनळीवाटे हवेच्या फिल्टरमध्ये शिरते.

२६/
कापलेल्या पत्र्याचा प्रश्न उरतोच. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने ‘तुरिन सनद’ स्वीकारली आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा तिच्यावर ठसा आहे. मूळ भाग जपावा, केलेला बदल मागे घेता येईल असा असावा आणि त्याची नोंद ठेवावी, हा तिचा गाभा. त्या मापाने जुन्या जागी बसणारा पितळी कूलर निर्दोष ठरतो आणि कापलेला बंपर सदोष. पण वितळू पाहणारा मूळ मॅग्नेशियमचा क्रँककेस हाही वारसाच आहे. पत्रा जपण्यासाठी इंजिन गमावले, तर जतन कशाचे झाले?

२७/
१९९७ मध्ये पाण्याने थंड होणारी नवी ९११ आली आणि १९९८ मध्ये हवेने थंड होणारी शेवटची ९९३ बंद झाली. पन्नास वर्षे पुढे ढकललेले पाणी अखेर इंजिनात शिरले. त्याआधीच्या ज्या गाड्या आजही धावतात, त्यांच्या उजव्या मडगार्डमध्ये कोणता कूलर आहे, यावरून त्या मालकाने काय वाचवायचे ठरवले, हे कळते. आणि १९७२ च्या गाडीचा मालक आजही पंपावर खाली उतरून त्या झाकणापाशी उभा राहतो. इंजिन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय अजूनही तोच आहे.